मैदानाचा कागद दाखवा

वसई-विरार महापालिकेत साडेपाच वर्षांनी लोकांनी निवडून दिलेली माणसं बसली आहेत. जून 2020 मध्ये आधीच्या सभागृहाची मुदत संपली आणि 15 जानेवारी 2026 च्या मतदानापर्यंत सगळा कारभार प्रशासकांच्या सहीवर चालला. आता सभागृहात 115 नगरसेवक आहेत. त्यांच्यापुढे पाणी आहे, कचरा आहे, अनधिकृत इमारती आहेत, पावसाळ्यात बुडणारे रस्ते आहेत. खेळाची मैदानं या यादीत शेवटच्या पानावर असतील, तीही असली तर. आजचं सदर त्या शेवटच्या पानासाठी आहे.

नगरसेवक महोदय, तुमच्या प्रभागात खेळाचं मैदान कुठलं? त्याचा सातबारा कुणाच्या नावावर आहे? विकास आराखड्यात त्यावर आरक्षण कसलं? मोजणी कधी झाली आणि हद्दीचे दगड जागेवर आहेत का? आणि तिथे रोज संध्याकाळी जो क्लब पोरांना खेळवतो, त्याच्या हातात कुठला कागद आहे? पहिल्या चार प्रश्नांची उत्तरं नगररचना विभागातल्या फायली उघडल्या तर सापडतील. पाचव्याचं सापडायची शक्यता फार कमी. मी ज्या ज्या क्लबवाल्यांशी बोललो त्यांच्याकडे तसा कागद नाही. फार तर एखाद्या स्पर्धेपुरती घेतलेली परवानगी, पावती जोडलेली. बाकी वर्षभर खेळ चालतो तो ओळखीवर आणि कुणी हटकत नाही म्हणून.

ओळखीवर चालणाऱ्या खेळाचं काय होतं ते सोमवारी संध्याकाळी दिसतं. वसई पश्चिमेचं एक मैदान. शनिवार-रविवार तिथे मोठा कार्यक्रम झालेला. मंडपवाल्याने बांबू उपटून नेले, खड्डे तसेच ठेवले. वीतभर तोंडाचे, कोपरापर्यंत हात जाईल इतके खोल. स्टेजचं सामान आणणारा ट्रक नेमका गोलच्या पुढ्यात रुतला होता, त्याच्या चाकांच्या चाऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या. फुटबॉलचे सर दिवसभर नोकरी करून पाच-साडेपाचला पोचतात. त्यांनी पोरांना बूट घालू दिले नाहीत. चपलांवरच सगळ्यांना खांद्याला खांदा लावून एका ओळीत उभं केलं आणि मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. नजर खाली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. खिळे, बांधायची तार, सुतळीचे तुकडे, पाण्याच्या बाटल्यांची झाकणं, फुटलेल्या ट्यूबची काच. एका चिमुरड्याने चार बोटं लांबीचा खिळा उचलून दाखवला, “सर, हा बघा केवढा!” सरांनी तो त्याच्या हातातून काढून स्वतःच्या खिशात टाकला. “सर, आज खेळायचं का नाय मग?” “आधी हे उचला, मग बघू.” उचलून होईपर्यंत उजेड गेला. मैदानाला दिवे नाहीत. पोरं घरी गेली.

त्या सरांना कार्यक्रमाची आगाऊ खबर कुणी दिली नव्हती. शुक्रवारी बांबूंचा ट्रक आला तेव्हा त्यांना कळलं. तक्रार कुणाकडे करायची? परवानगी देणारं कार्यालय म्हणणार, मैदान पालिकेचं आहे, तुमचा काय संबंध? आणि कागदावर पाहिलं तर त्यांचा संबंध खरोखरच काही नाही. कित्येक वर्षं तिथे चुन्याने रेषा आखल्यात, गोलच्या जाळ्या वर्गणी काढून आणल्यात, एवढाच काय तो.

मैदान सार्वजनिक मालकीचं आहे म्हणजे ते सुरक्षित आहे, असं आपण गृहीत धरतो. बिल्डरच्या घशात जात नाही ना, मग बस. हे गृहीतक चुकीचं आहे आणि ते आपल्याला महागात पडतं आहे.

इंग्लंडच्या उत्तरेला हॅलिफॅक्स नावाचं जुनं गिरणगाव आहे. तिथला खेळ रग्बी लीग. हा खेळच मुळी मजुरीच्या भांडणातून जन्मला. शनिवारी सामना खेळायचा तर गिरणीतल्या आणि खाणीतल्या कामगाराचा रोज बुडायचा. तो भरून द्या, असं उत्तरेकडचे क्लब म्हणाले, लंडनकडच्या साहेबी रग्बीने नकार दिला, आणि 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात वीसेक क्लबांनी वेगळी चूल मांडली. हॅलिफॅक्सचा क्लब त्यातलाच. 1886 पासून त्याचं स्वतःचं मैदान होतं, थ्रम हॉल नावाचं. 1987 मध्ये या क्लबाने वेम्बलीवर चॅलेंज कप जिंकला, 19 विरुद्ध 18, एका गुणाने. अकरा वर्षांनी, 1998 मध्ये, थ्रम हॉल सोडावा लागला. त्या जागी आज सुपरमार्केट आहे. क्लब गेला शे नावाच्या स्टेडियममध्ये, जे तिथल्या स्थानिक पालिकेचं, म्हणजे कॅल्डरडेल कौन्सिलचं. गावचा फुटबॉल क्लबही तिथेच खेळतो. पालिकेचं छप्पर मिळालं, आता कुणी हलवणार नाही, असं लोकांना वाटलं असेल. 2023 मध्ये कौन्सिलने जाहीर केलं की स्टेडियमचा खर्च आम्हाला झेपत नाही, आम्ही ते दुसऱ्याच्या हाती देणार. शतकापेक्षा जुना क्लब, त्याच्या मागे उभं गाव, आणि पुढचा हंगाम कुठे खेळायचा हे ठरणार पालिकेच्या ताळेबंदावर.

हॅलिफॅक्सपासून काही मैलांवर ब्रॅडफर्ड आहे. तिथलं ऑडसल हे रग्बी लीगचं मैदान एका जुन्या खाणीच्या खड्ड्यात आहे. पालिकेच्या सफाई खात्याने शहराचा घरगुती कचरा त्या खड्ड्यात शिस्तीत भरत नेला, त्या भरावावर प्रेक्षकांचे उतार बांधले आणि 1934 मध्ये मैदान खुलं केलं. 1954 मध्ये याच मैदानावर हॅलिफॅक्स आणि वॉरिंग्टन यांच्यातल्या अंतिम सामन्याची फेरलढत पाहायला 1,02,569 माणसं जमली. कचऱ्याच्या जागेतून मैदान उभं करणारी पालिकाही जगात होऊन गेली. ही गोष्ट नालासोपाऱ्यातल्या वाचकांनी लक्षात ठेवावी, तिच्याकडे परत यायचं आहे.

आता महाराष्ट्र. स्वारगेटजवळचं पुण्याचं नेहरू स्टेडियम, मालक पुणे महापालिका. 29 फेब्रुवारी 1996 रोजी विश्वचषकात केनियाने 166 धावा करून वेस्ट इंडीजला 93 वर गुंडाळलं ते इथे. त्या दिवशी स्टेडियममध्ये होतो असं सांगणारे पुणेकर अजून भेटतात. 2005 च्या नोव्हेंबरात भारत-श्रीलंका सामना झाला आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट त्या मैदानावरून उठलं ते उठलंच. मालक पालिका आणि खेळ चालवणारी महाराष्ट्र क्रिकेट संघटना यांच्यात तिकिटांच्या वाटपावरून बिनसलं होतं. संघटनेने गहुंज्याला द्रुतगती मार्गाच्या कडेला स्वतःचं स्टेडियम बांधलं, 2012 मध्ये ते सुरू झालं. मुंबईत ब्रेबर्नच्या जागावाटपाच्या भांडणातून 1974 चं वानखेडे उभं राहिलं, तीच चाल. संघटनेकडे पैसा होता, ती उठून गेली. ज्या क्लबाकडे पैसा नाही त्याने कुठे जायचं?

पैसा असलेल्या क्लबाचंही फार वेगळं नाही. मुंबई सिटी एफसी ही इंडियन सुपर लीगमधली विजेती टीम. 2016 पासून तिचं घर अंधेरीचं शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल, मुंबई महापालिकेचं. मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगपर्यंत पोचली. 2023 मध्ये ते सामने भरवायची वेळ आली तेव्हा टीम पुण्याला बालेवाडीत गेली, आणि सौदीच्या अल हिलालविरुद्धचा सामना नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. अंधेरी, वर्सोवा, जोगेश्वरीच्या पोरांनी आपल्या क्लबाचा सगळ्यात मोठा हंगाम दुसऱ्याच्या अंगणात पाहिला. याच अंधेरीच्या मैदानावर जून 2025 मध्ये रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला, सहा संघ, सेव्हन्स प्रकारचा रग्बी. पालिकेच्या मैदानावर जगभरचे खेळाडू उतरू शकतात, हे त्यातून दिसलं. मनात आणलं तर पालिकेला जमतं.

आणि घणसोली. नवी मुंबईत शासकीय क्रीडा संकुलासाठी वीस एकर राखून ठेवलेले. 2021 मध्ये सरकारने ठरवलं की संकुल रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यात नेऊ. अंतर 115 किलोमीटर. घणसोलीच्या जागेतला भाग त्याआधीच खासगी विकासकाकडे गेला होता. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये हा स्थलांतराचा निर्णय रद्द केला. शाळा सुटल्यावर पोराने सरावाला 115 किलोमीटर जायचं, हा प्रस्ताव मंत्रालयात टेबलावरून टेबलावर फिरला आणि एकाही टेबलावर अडला नाही. तो अडायला न्यायालय लागलं.

आता आपल्या दारात या.

3 जुलै 2009 रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि 53 ग्रामपंचायती एकत्र करून ही महापालिका झाली. गावांनी विरोध केला, आंदोलनं झाली, लाठ्या खाल्ल्या. 29 गावं वगळण्याचा वाद पुढे वर्षानुवर्षं न्यायालयात राहिला. त्या सगळ्या धुमश्चक्रीत एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. ग्रामपंचायत होती तोवर गावच्या मैदानाबद्दल ग्रामसभेत उभं राहून विचारता येत होतं. सरपंच समोर बसलेला असायचा, आणि बहुतेक वेळा तोही लहानपणी त्याच मैदानावर गुडघे फोडून घेतलेला. पंचायत गेली तशी ती जागा महापालिकेच्या दप्तरात गेली. मग 2020 नंतर सभागृहही गेलं. गावातल्या पोराला आपल्या मैदानाबद्दल विचारायचं तर विरारच्या मुख्यालयात अर्ज टाकायचा, आणि त्यावर जो अधिकारी निर्णय देणार तो दोन वर्षांनी बदलून जाणार.

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, पापडीपासून गिरीज, निर्मळ, नंदाखालपर्यंत, फुटबॉल हा घरातला खेळ आहे. भात कापून झालं की रिकाम्या शेतात दोन बाजूंना बांबू रोवायचे आणि रविवारी मिसा आटोपली की खेळायचं. पूर्वेला टेनिस बॉलचं क्रिकेट, कबड्डी. शेतं कमी होत गेली तसा सगळा भार मैदानांवर आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने वसईची झाडं, पाणी, शेती यांसाठी जो लढा दिला, त्यामुळे पश्चिमेचा बराचसा हिरवा पट्टा आज डोळ्यांना दिसतो. मैदानासाठी मात्र तसं कुणी एकवटून उभं राहिलं नाही, कारण मैदान जाताना झाडासारखं एका दिवसात पडत नाही. आधी कोपऱ्यात पाण्याची टाकी येते. मग टँकर उभे राहायला लागतात. मग एका बाजूने रस्ता रुंद होतो, दुसऱ्या बाजूला समाजमंदिर होतं, आणि एके दिवशी लक्षात येतं की आता इथे अकरा जणांचा सामना मावत नाही, सात जणांचा खेळावा लागतो.

कायद्याचं घड्याळ वेगळंच चालू असतं. सिडकोने तयार केलेला वसई-विरारचा विकास आराखडा 2007 मध्ये मंजूर झाला, 2021 पर्यंतचा. त्यात खेळाच्या मैदानांची आरक्षणं आहेत, पण पुष्कळदा ती खासगी जमिनीवर असतात. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम 1966, कलम 127: आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन केली नाही, मालकाने खरेदी सूचना दिली आणि त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेने पाऊल उचललं नाही, तर आरक्षण व्यपगत होतं. जमीन मोकळी. 2007 ची दहा वर्षं 2017 लाच भरली. तेव्हापासून खासगी जागेवरचं एखादं आरक्षण जायला एक नोटीस आणि पालिकेची दोन वर्षांची झोप पुरेशी आहे. किती खरेदी सूचना आल्या, किती आरक्षणं व्यपगत झाली, किती वाचवली, हा हिशोब नव्या सभागृहाने पहिल्यांदा मागायला हवा. मागितला तर द्यावा लागतो, तो लपवायचा कागद नाही.

आरक्षणाकडे पाठ फिरवली की काय होतं हे नालासोपारा पूर्वेने पाहिलं. आचोळ्याजवळ अग्रवाल नगरीत सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखलेल्या जागेवर 41 इमारती उभ्या राहिल्या. उच्च न्यायालयाचा आदेश आला, 2024 च्या अखेरीस पाडकाम सुरू झालं आणि 2025 च्या सुरुवातीला शेवटची इमारत गेली. हजारो कुटुंबं रस्त्यावर आली. त्यांनी पैसे मोजून घरं घेतली होती. ब्रॅडफर्डच्या पालिकेने कचऱ्याच्या खड्ड्यातून मैदान काढलं; आपल्याकडे कचऱ्यासाठी राखलेली जागाही राखता आली नाही. ज्या नगररचना विभागाच्या डोळ्यांदेखत 41 इमारती चढल्या, त्याच विभागाच्या भरवशावर आपण मैदानं सोडून दिली आहेत. मला या विभागातल्या एकेका कारकुनाबद्दल राग नाही, पण ज्या व्यवस्थेत कुणी विचारणारं नसतं तिथे कुणी राखणारंही नसतं.

आणि पृथ्वी शॉ. विरारचा पोरगा. वडील त्याला घेऊन भल्या पहाटे विरारची लोकल पकडायचे, किट खांद्यावर, वांद्र्यापर्यंत. नोव्हेंबर 2013 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात आझाद मैदानावर त्याने 546 धावा केल्या, चौदाव्या वर्षी. आपण त्याची कौतुकं फ्लेक्सवर छापली. विरारच्या गाडीत सकाळी बॅट घेऊन चढणं म्हणजे काय हे ज्याने एकदा अनुभवलं आहे त्याला सांगायला नको. बाराएक लाख लोकसंख्येचं शहर, 2011 च्या जनगणनेतच, आणि घराजवळ मैदान आणि शिकवणारा माणूस मिळत नाही म्हणून मुलाने रोज दीड तास उभ्याने जायचं. पृथ्वीच्या मागे असा बाप होता. ज्यांच्या मागे नव्हता त्या पोरांची नावं आपल्याला कधी कळणारच नाहीत.

पालिकेला खेळाचं वावडं आहे असं कुणी म्हणू नये. डिसेंबरातल्या महापौर मॅरेथॉनला देशभरातून धावपटू येतात. 26 ते 31 डिसेंबरला वसईत चिमाजी आप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सव भरतो, हजारो पोरं उतरतात, ती गर्दी पाहून छाती भरून येते. माझं म्हणणं उरलेल्या दिवसांबद्दल आहे. जी पोरगी महोत्सवात शंभर मीटर धावली, ती 2 जानेवारीला कुठे धावणार?

यावर एक सोपं उत्तर नेहमी पुढे येतं: मैदान क्लबाला भाडेपट्ट्याने देऊन टाका, तो सांभाळेल. मी त्याच्या विरोधात आहे. एक तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 79 प्रमाणे पालिकेची जमीन भाड्याने देताना बाजारभाव पाहावा लागतो, आणि वसईतल्या बाजारभावाने मैदान घेऊ शकेल तो फुटबॉल शिकवणारा क्लब नसेल, तो हॉल बांधून लग्नं लावणारा असेल. दुसरं, मुंबईने हा प्रयोग केलेला आहे. मोकळ्या जागा संस्थांना दत्तक द्यायचं धोरण मुंबई महापालिकेने जानेवारी 2016 मध्ये मंजूर केलं, लोक खवळले आणि मुख्यमंत्र्यांना स्थगिती द्यावी लागली. खवळण्याचं कारण होतं: दत्तक दिलेल्या कित्येक जागांवर राजकीय मंडळींचे जिमखाने झाले होते, फाटकावर सुरक्षारक्षक, आत सभासदांनाच प्रवेश. पालिका विसरते म्हणून क्लबाला जमीन द्यायची, आणि क्लबाने तिला कुंपण घालायचं. दोन्हीकडून पोरगा बाहेरच.

जमीन कुणालाच देऊ नका. वेळ द्या, आणि ती लेखी द्या. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच ते सात, अमुक क्लब, फुटबॉल. सकाळी सहा ते आठ, अमुक शाळा, धावणे. शनिवारी दुपारी मुलींची कबड्डी, आणि हे मुद्दाम लिहावं लागेल, नाही तर मुलींच्या वाट्याला वेळ उरत नाही हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे. रविवारी कुणाचंच नाही, ज्याला यायचं त्याने यावं. मुदत पाच वर्षं. शुल्क नाममात्र, कारण इथे जमीन भाड्याने जात नाही, फक्त वापर ठरतो आहे. बदल्यात क्लबाने काय करायचं तेही लिहा: रेषा, जाळ्या, पाणी मारणं, आणि पालिकेच्या शाळांतली ठरावीक मुलं फी न घेता शिकवणं. पाळलं नाही तर करार रद्द. जो क्लब खरा आहे तो यावर डोळे मिटून सही करेल. जो नाही तो तिथेच उघडा पडेल.

कार्यक्रमांचं काय? कार्यक्रम बंद करा असं मी म्हणत नाही. दहीहंडी, सभा, जत्रा, प्रदर्शन, या शहरात मोकळी जागा उरली आहे कुठे दुसरी. पण मर्यादा हवी आणि ती कायद्यात आहेच. नगररचना अधिनियमाच्या 37अ कलमात मैदानाचा तात्पुरता वेगळा वापर करू द्यायला वर्षाकाठी दिवसांची मर्यादा घातलेली आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर खेळाबाहेरच्या कार्यक्रमांसाठी वर्षातले 45 दिवस ठरवून दिलेत. दसरा मेळावा असो, 6 डिसेंबर असो, सगळं त्या 45 च्या आत. राज्यातल्या सगळ्यात तापलेल्या राजकीय मैदानावर हे पाळलं जाऊ शकतं तर वसईत का नाही? आमच्या मैदानाचे दिवस किती, यंदा किती वापरले, कुणाला दिले, हे मैदानाच्या फाटकावर फळ्यावर लिहा. अनामत रक्कम घ्या, आणि खड्डे बुजले, खिळे उचलले असं तिथे खेळणाऱ्या क्लबाने लिहून दिल्याशिवाय ती परत करू नका. या एका अटीने निम्मा प्रश्न सुटेल, कारण मंडपवाल्याला खड्डा बुजवायला दहा मिनिटं लागतात. आज त्याला तसं करायला कुणी सांगत नाही.

खर्च कुठून आणायचा, असं विचारणाऱ्यांसाठी हॅलिफॅक्सची गोष्ट आधीच सांगितली. तिथे स्टेडियम होतं, बसायचे स्टँड होते, प्रकाशझोत होते, त्याचा खर्च कौन्सिलच्या अंगावर आला. आपण स्टेडियम मागतच नाही. घोषणेतलं स्टेडियम तर अजिबात नको. एकदा का भूमिपूजन झालं की पत्रे ठोकले जातात आणि होतं ते मैदानही काही वर्षं बंद पडतं. सपाट माती, एक नळ, चार दिवे, एक स्वच्छतागृह ज्याची कडी आतून लागते. मुलींनी खेळायला यावं असं वाटत असेल तर ती कडी फार महत्त्वाची आहे. अर्थसंकल्पात ‘मैदान देखभाल’ असा स्वतंत्र शीर्ष असावा आणि तो उद्यानांच्या शीर्षात मिसळू नये. मिसळला की सगळा पैसा कारंज्यावर आणि सेल्फी पॉइंटवर जातो, हे आपण प्रत्येक शहरात पाहतो आहोत.

दरम्यान टर्फ वाढताहेत. जाळी मारलेले, हिरव्या प्लॅस्टिकचे, तासाच्या भाड्याचे. मुलं वर्गणी काढून रात्री अकराला खेळतात कारण तेव्हा दर कमी असतो. टर्फवाल्यांशी माझं भांडण नाही, त्यांनी धंदा काढला आहे. पण ज्याच्या घरी वर्गणीला पैसे नाहीत तो पोरगा जाळीच्या बाहेर उभा राहून बघतो, हे मी पाहिलं आहे, आणि ते बघवत नाही. पालिकेचं मैदान त्याच्यासाठी असतं. त्याच्या बापाने पैसे भरायचे नसतात, कारण तो कर भरून बसलेला आहे, भाड्याच्या खोलीत राहत असला तरी.

येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. पक्ष कुठलाही चालेल. ठरावात तीन महिन्यांची मुदत घालावी: तेवढ्यात सगळ्या मैदानांची मोजणी, सातबारा आणि आरक्षणाच्या स्थितीसह यादी सभागृहापुढे, व्यपगत होऊ घातलेल्या आरक्षणांची वेगळी, आणि प्रत्येक प्रभागातल्या एका मैदानाचं वापराचं वेळापत्रक, क्लबांच्या सह्यांनिशी. पावसाळ्याआधी झालं तर माती सपाट करून घेता येईल, जूननंतर सप्टेंबरपर्यंत कुणी यंत्र आत नेऊ शकत नाही. मसुदा लिहायला वेळ नसेल तर सांगा. ते फुटबॉलचे सर आणि आणखी दोन क्लबांचे लोक बसायला तयार आहेत, साडेसातनंतर कधीही.